मालमोटारींतलें बिऱ्हाड

मालमोटार हा शब्द आतां फारसा कोणी वापरीत नाहीं. शहरांतले लोक ‘ट्रक’ म्हणतात, वऱ्हाडांत नुसतें ‘गाडी’ म्हटलें तरी ऐकणारा समजून घेतो, आणि सरकारी कागदांत तिला ‘मालवाहू वाहन’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. मला मात्र तो जुना शब्दच अधिक प्रामाणिक वाटत आला आहे. ही मोटार मालासाठीं आहे, माणसांसाठीं नव्हे, एवढी गोष्ट तो पहिल्या दोन अक्षरांतच सांगून टाकतो. सिमेंट, सरकी, संत्रीं, खताचीं पोतीं, बांबू, बकऱ्या, यांपैकीं कांहींहि तिच्यांत भरलें तरी तिचें स्वरूप पालटत नाहीं. पण तिच्या हौद्यांत एकदां एखाद्याचें बिऱ्हाड चढलें, म्हणजे पाहणाऱ्याची नजर एकदम निराळी होते. संत्र्यांची गाडी रस्त्यानें गेली तर कोणी मान वळवून पाहात नाहीं. आकाशाकडे पाय केलेला पलंग, सुतळीनें आवळलेली गादी, तुळशीचें डबडें आणि फाळक्याला टांगलेली सायकल अशी गाडी गेली, कीं टपरीवरचा मनुष्य हातांतला चहाचा पेला खालीं ठेवून विचारतो, “कोनाचं बिऱ्हाड होय हे?”

आमच्या आजोबांच्या पिढीनें हा प्रसंग बैलांच्या भरंवशावर पार पाडला. बंडींत सामान आणि दमणींत बायकामुलें, अशी दोन गाड्यांची वाटणी असे. मुक्कामावर बैल सोडले, कीं बंडींतूनच तवा आणि पीठ काढून भाकरी थापल्या जात. म्हणजे बिऱ्हाड हालत असतांनाहि तें बिऱ्हाडच राही. पुढें रेल्वे आली. मूर्तिजापुराहून एक फांटा अचलपुरास आणि दुसरा यवतमाळास नेणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ ही खाजगी कंपनीच्या मालकीची म्हणून देशभर कौतुकाचा विषय झाली होती. बदली झालेल्या कारकुनांच्या व मास्तरांच्या ट्रंका तिच्या डब्यांतून हळूहळू, अगदीं हळूहळू, इकडून तिकडे जात. अकोल्याहून अकोटमार्गें खांडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी तर मेळघाटाच्या अरण्यांतूनच जात असे, आणि धूळघाटापाशीं तिचे रूळ स्वतःभोंवतींच वळसा घालून वर चढत. २०१७ सालच्या पहिल्या दिवशीं हा मार्ग रुंदीकरणासाठीं बंद झाला. अकोला ते अकोट एवढ्या तुकड्यावर २०२२ सालीं पुन्हां गाडी धांवूं लागली. अकोटापलीकडच्या जंगलांतल्या तुकड्याचा प्रश्न वाघांच्या बाजूनें बोलणाऱ्यांनीं आणि रुळांच्या बाजूनें बोलणाऱ्यांनीं बरींच वर्षें भांडून काढला. पण हें सारें मेळघाटाच्या दक्षिणेकडचें. सिपना नदीच्या कांठच्या सेमाडोहाला रेल्वे कधीं शिवलीच नाहीं. तेथें जें येतें तें रस्त्यानें, आणि जातें तेंहि रस्त्यानें.

सेमाडोह हें अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यांतलें गांव. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, परतवाडा सोडल्यापासून सुमारें ५० किलोमीटर घाटवळणें घेत गेलें कीं तें लागतें. १९७३-७४ सालीं देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प ठरले, त्यांत मेळघाट होता. तेव्हांपासून बाहेरचे लोक सेमाडोहास वाघ पाहावयास जातात, आणि बहुतेक जण सांबर, मोर व फार तर एखादें अस्वल पाहून समाधानानें परत येतात. माझी मावशी तेथें वाघ पाहण्यासाठीं गेली नव्हती. १९९० सालीं जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झाली म्हणून गेली. आरंभीं ती हतरूला होती. १९९३ सालीं मेळघाटांतल्या बालमृत्यूंची बातमी वृत्तपत्रांतून महाराष्ट्रभर गाजली, तें वर्ष तिनें तेथेंच काढलें. त्या वर्षाविषयीं ती बोलत नाहीं. नंतर दोनतीन गांवें करून ती सेमाडोहास आली, आणि तेथेंच एकोणीस वर्षें राहिली. दरम्यान तिचा मुलगा शिकून अकोल्यास नोकरीला लागला, यजमान वारले, आणि २०२३ सालच्या मे महिन्याच्या अखेरच्या दिवशीं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं ती नियमाप्रमाणें निवृत्त झाली.

मुलाचा मला फोन आला. “दादा, तूं अमरावतीहून जवळ आहेस. आईला घेऊन ये. चार भांडीं, कपडे आणि कागदपत्रें घ्या, बाकी सगळें तेथेंच कोणाला तरी देऊन टाका.” यांत त्याचा निष्ठुरपणा नव्हता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिन्याला एक अवघड वळण, घरांत दोन मुलें. जागेचें माप त्याला पाठ होतें. पण ज्या घरांत आपण राहात नाहीं त्या घरांतील वस्तूंना ‘बाकी सगळें’ म्हणणें फार सोपें असतें. मावशीला मीं हा निरोप जरा मऊ करून सांगितला. ती म्हणाली, “बरं. मग गाडी कधीं आणतोस?” यावरून तिनें काय ठरविलें आहे तें मला कळून चुकलें.

आतां गाडी. शहरांत आजकाल घरसामान हालविण्याचाच धंदा करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचीं माणसें एकसारखे सदरे घालून येतात, काचसामानाला फुगेरी कागद गुंडाळतात आणि प्रत्येक खोक्यावर आंकडा लिहितात. अशा एकीला मीं विचारलें. सेमाडोह हें नांव दोनदां सांगितल्यावर पलीकडल्या मुलीनें फोन ठेवून दिला. शेवटीं परतवाड्याच्या एका व्यापारी स्नेह्यानें खरा मार्ग दाखविला. जूनच्या तोंडावर धारणीकडे खत आणि बियाणें घेऊन गाड्यांची रीघ लागते. पेरणीपूर्वीं हा माल पोंचावाच लागतो. पण येतांना त्या गाड्यांना कांहीं मिळत नाहीं. रब्बीचा गहू संपलेला, संत्र्यांचा हंगाम अजून दूर. अशी रिकामी येणारी गाडी अडवावयाची.

मालमोटारीच्या धंद्याचें सारें मर्म या परतीच्या फेरींत आहे, असें मला त्या दिवसांत समजलें. जातांनाच्या भाड्यांत डिझेल, टायर, हप्ते, घाटांतला घसारा आणि चालकाचा भत्ता निघतो. नफा म्हणून जें कांहीं उरतें तें येतांना. भरून गेलेली गाडी रिकामी परतली, तर मालक तोंड वाईट करतो. म्हणून परतीचें भाडें नेहमींच्या जवळजवळ निम्म्यानें मिळतें, आणि देणारा व घेणारा दोघेहि आपणच फायद्यांत राहिलों असें समजतात. मला हा व्यवहार आवडला. मावशीचें तेहतीस वर्षांचें बिऱ्हाड एका परतीच्या फेरींत बसत होतें, यांतली गंमत मात्र मीं तिला सांगितली नाहीं.

गाडी ठरल्याप्रमाणें शनिवारीं सकाळीं धारणीकडून आली. लाल रंगाची, मध्यम आकाराची, युरियाचा उग्र दर्प मागें सोडीत. चालक परतवाड्याचाच, पन्नाशीच्या घरांतला. बरोबर एक विशीतला क्लीनर. गाडीच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ हीं अक्षरें रंगवून पुसून टाकल्याच्या खुणा होत्या. हीं अक्षरें लिहूं नयेत असा हुकूम महाराष्ट्रांत २०१५ सालीं निघाला, तेव्हां निदान या एका गाडीनें तरी तो पाळला होता. पण जुना रंग नव्या रंगाखालून दिसतच होता. चालकानें खोल्यांतून एक फेरी मारली, सामानाकडे पाहून तोंडांतला खर्रा एका गालांतून दुसऱ्या गालांत नेला, आणि मावशीला म्हणाला, “काई फिकर करू नोका बाई. पह्यले जड, मंग हलकं, मंग नाजूक. गाडीचं पोट लय मोठं असते.”

या मनुष्याचें काम मीं चार तास पाहिलें, आणि घर लावणें ही जशी एक विद्या आहे तशीच गाडी लावणें हीहि आहे अशी माझी खात्री झाली. प्रथम हौद्याच्या तळाशीं युरियाचीं रिकामीं पोतीं अंथरलीं. केबिनच्या पाठीशीं लोखंडी कपाट उभें करून दोन्ही बाजूंस धान्याच्या कोठ्या दाबल्या. “धक्का पुढून येते,” तो म्हणाला, “ब्रेक मारला का समदं पुढंच पयते.” म्हणून जड वस्तु पुढें. कपाटाच्या दारांना दोरी, दोरीच्या गांठीला चिंधी. नाहीं तर रंग जातो. पितळी गुंड एकांत एक न घालतां त्यांच्यांत कपडे भरले. गंज, कोपर, डबे आणि तवे यांचें एक गांठोडें केलें. पाटा आणि वरवंटा वेगवेगळे, कारण एकत्र ठेवले तर घाटांत ते एकमेकांशीं भांडतात. गाद्या सर्वांत शेवटीं, आणि सर्वांवर ताडपत्री, कारण आभाळ दुपारनंतर कसें वागेल याचा जूनमध्यें नेम नसतो. तो प्रत्येक वस्तु उचलतांना एक क्षण थांबून तिला कोठें धरावयाचें तें ठरवी. आपल्या घरांतल्या वस्तु आपण वर्षानुवर्षें वापरतों, पण त्यांना कोठें धरावयाचें याचा विचार करण्याची पाळी आपणांवर क्वचितच येते.

घर रिकामें होत जातांना वस्तूंचा जो पंक्तिप्रपंच दिसतो तोहि पाहण्यासारखा असतो. बैठकींतल्या खुर्च्या, चित्रें, घड्याळ हीं मानाचीं मंडळी अंगणांत येऊन बसलीं कीं एकदम गरीब दिसूं लागतात. उलट, माळ्यावरून उतरलेली एखादी वस्तु उन्हांत अशी कांहीं उभी राहते, कीं सगळें घर तिचेंच होतें असें वाटावें. मावशीच्या माळ्यावरून असा एक वजनकांटा उतरला. अंगणवाडींत बाळांना टांगून तोलण्याचा, गोल तबकडीचा, खालीं कापडी झोळी अडकविण्याचा आंकडा असलेला. तबकडीवरची कांच तडकलेली. निर्लेखनांत निघालेला तो कांटा तिनें कधीं काळीं मागून घेतला होता. क्लीनरनें तो भंगाराच्या बाजूला ठेवला. मावशीनें तो उचलून आपल्या पिशवींत घातला आणि ती पुन्हां आंत गेली. मीं कांहीं विचारलें नाहीं. हतरू आणि १९९३ साल हीं माझ्या मनांत आलीं, एवढेंच.

अंगणांत शेजारी जमले होते. वस्ती मुख्यतः कोरकूंची. मावशीजवळून कधीं काळीं नेलेल्या वस्तु लोक परत आणून देत होते: एक सूप, एक चाळणी, सायकलचा पंप, आणि शाळेंतली एक गोष्टींची पुस्तिका, जी नेणारा मुलगा आतां स्वतःच बाप झाला होता. परत आलेल्या वस्तूंपैकीं बऱ्याचशा तिनें आल्या हातींच परत केल्या. जातें तिनें शेजारणीला दिलें. तें देतांना खुंटा बसवून, दोन मुठी ज्वारी दळून, “हा असा धर, नाही तर पाळ चुकते,” असें त्या बाईला दाखविलें. वास्तविक त्या बाईनें जन्मभर जात्यावर कुटकी आणि मका दळलेला होता. शेजारीणहि मान हालवून नवीन कांहीं शिकत असल्यासारखी ऐकत राहिली. हें सौजन्य कोणत्या शाळेंत शिकवितात तें मला ठाऊक नाहीं.

एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून दोन तास गाडीकडे पाहात बसला होता. ताडपत्री चढूं लागली तेव्हां तो मावशीला म्हणाला, “बाई, गाडी सरकार ने भेजी क्या?” मावशी म्हणाली, “नाही रे बाबा, भाड्याची आहे.” त्याला तें पटलेलें दिसलें नाहीं. घर उचलून नेणारी गाडी सरकारचीच असते, हें त्याचें ज्ञान अनुभवाचें होतें.

मेळघाटांत मालमोटार आणि बिऱ्हाड यांची गांठ गेल्या पंचवीस वर्षांत फार निराळ्या रीतीनें पडली आहे. नव्या शतकाच्या आरंभीं बोरी, कोहा, कुंड हीं गांवें व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांतून उठलीं. पुढें २०११ नंतर अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशीं गांवें एकामागून एक खालीं अकोट-तेल्हाऱ्याच्या मैदानांत आलीं. २००८ पासून कुटुंबामागें १० लाख रुपयांचा पर्याय देण्यांत येई. २०२१ सालीं ती रक्कम १५ लाख झाली. पुनर्वसनाच्या बाजूनें सांगण्यासारखें बरेंच आहे. रस्ता, वीज, दवाखाना, मुलांची शाळा आणि रानांतल्या जनावरांपासून पिकांची सुटका, हीं कांहीं क्षुल्लक सुखें नव्हेत; आणि रिकाम्या झालेल्या गांवांच्या जागीं गवत वाढून त्यांवर हरणें चरूं लागलीं हेंहि खरें. पण त्यांपैकीं कांहीं गांवांचे लोक जमीन, पाणी, औषधपाणी यांच्या तक्रारी करीत पुन्हां जंगलांत आपल्या जुन्या जागीं जाऊन बसले, आणि २०१९ च्या जानेवारींत त्यांच्यांत आणि वनखात्याच्या व पोलिसांच्या माणसांत चकमक उडून दोन्हीकडचीं माणसें जखमी झालीं.

मला या प्रकरणांतला न्याय करावयाचा नाहीं. पण त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नानें एक गोष्ट मनांत राहिली. कोरकूंचें गांव म्हणजे समोरासमोर तोंड केलेल्या घरांच्या दोन ओळी आणि मधून रुंद वाट. या घरांतून त्या घरांतलें बोलणें ऐकूं येतें. लग्न, भांडण, आजार, होळीचा फगवा, सारें त्या वाटेवर घडतें. दाराची चौकट गाडींत चढते, कणगी चढते, कोंबड्यांचें खुराडें चढतें. ओळ चढत नाहीं. ती जेथें होती तेथेंच राहते. मावशी सरकारी नोकर होती, तिला जाण्याची तारीख तेहतीस वर्षें आधीं ठाऊक होती, आणि जाण्यासाठीं एक मुलगा व दोन खोल्या होत्या. तरी घर उचलतांना तिचा हात ठिकठिकाणीं अडखळत होता. ज्याला तारीख दुसऱ्यानें सांगितली त्याचा हात कसा अडखळला असेल?

दुपारीं दोनच्या सुमारास गाडी निघाली. केबिनमध्यें खिडकीपाशीं मावशी, मधें मी. क्लीनर मागें गाद्यांच्या ढिगावर जाऊन पहुडला. मालाच्या हौद्यांत माणूस बसविणें कायद्याला मान्य नाहीं हें त्याला सांगतांच तो म्हणाला, “मी मानूस नोहो भाऊ, किन्नर होय.” मावशीच्या मांडीवर तुळशीचें डबडें होतें आणि पायांशीं ती पिशवी. गाडी वळतांना तिनें मागें पाहिलें नाहीं. केबिनमधून मागें पाहावयाचें तर आरशांतच पाहावें लागतें, आणि आरसा चालकाच्या बाजूचा होता.

या डोंगरांतून जड सामान नेण्याचा इतिहास मोठा आहे. १८०३ सालच्या डिसेंबरांत आर्थर वेलस्लीनें गाविलगडाला वेढा दिला, तेव्हां उत्तरेच्या बाजूनें मारा करण्यासाठीं कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्यानें जड तोफा आणि दारूगोळा डोंगर व दऱ्यांतून आणला. वाट नव्हतीच, ती सैनिकांनीं आधीं तयार केली आणि मग तोफा जवळजवळ सर्व अंतर हातांनीं ओढून नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला. त्या घाटांत, घटांगच्या अलीकडल्या एका वळणावर आमच्या गाडीला वरून येणारी एसटी आडवी आली, आणि दोघांपैकीं कोणीं मागें सरावें याविषयीं खिडक्यांतून जो संवाद झाला तो ऐकून मला वाटलें, कीं स्टीव्हन्सनच्या सैनिकांच्या तोंडींहि बहुधा असेच शब्द असतील. अखेर आम्ही मागें सरलों. मागें सरतांना हौद्यांतून पितळ वाजलें. मावशी म्हणाली, “तो मोठा गुंड.” आवाजावरून तिला भांडें कळलें होतें.

पुढें एका तपासणी नाक्यावर गाडी थांबली. जंगलांतून बाहेर पडणारें लाकूड तपासण्याचा अधिकार राज्यांना १९२७ च्या वन कायद्यानें दिलेला आहे. मेळघाटचा साग जगाला ठाऊक, तेव्हां नाक्यावरच्या रक्षकाची नजर ताडपत्रीखालून डोकावणाऱ्या पलंगाच्या पायांवर खिळली यांत नवल नाहीं. पलंग खरोखरच सागाचा होता. मावशीच्या यजमानांनीं तो परतवाड्याच्या एका सुताराकडून करवून घेतला होता, अंगानें इतका जाड कीं चार माणसांवांचून हालत नसे. रक्षक म्हणाला, “पावती?” मला वाटलें, आतां संध्याकाळ येथेंच. मावशीनें पिशवींतून एक कापडी बस्ता काढला, त्यांतून एक लिफाफा, आणि त्यांतून १९९८ सालची लाकडाच्या खरेदीची पावती, घडीवर विरलेली पण अक्षर न् अक्षर वाचतां येणारी. रक्षकानें ती दोनदां वाचली. एकदां पलंगाकडे व एकदां मावशीकडे पाहिलें, आणि दोन्ही हातांनीं ती परत केली. “पंचवीस वर्षं पावती ठेवली बाई तुम्ही?” “माणसं राहात नाहीत,” ती म्हणाली, “पावती तरी ठेवावी.” हें तिनें अगदीं सहज, हजेरी घेतांना बोलावें तशा आवाजांत म्हटलें.

परतवाड्यास चहा झाला. तेथून पुढें रस्ता सपाट, आणि सपाट रस्त्यावर माणसें बोलूं लागतात. अंजनगांव सुर्जीच्या पुढें चालकानें आपली कथा सांगितली. त्याच्या बापाची बैलबंडी होती आणि तो जंगलांतून डेपोवर लांकूड वाही. मुलाला मोटार चालवितां यावी ही बापाची इच्छा. मुलाच्या मुलाला आतां मोटार नको आहे, त्याला पुण्यास जावयाचें आहे. घरसामान भरावयास त्याला आवडत नाहीं असें तो म्हणाला. मजुरी तीच, जोखीम जास्त आणि, “बाया रडतेत.” मग मावशीकडे पाहून घाईघाईनें, “तुम्ही नाई रडल्या बाई,” असें म्हणाला. मावशी म्हणाली, “अजून अकोला यायचंय.”

अकोट मागें पडलें. गांधीग्रामापाशीं पूर्णा ओलांडतांना अंधार पडला होता. हा सारा खारपाणपट्टा. जमीन काळी आणि सुपीक, पण विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. सिपनेच्या पाण्यावर एकोणीस वर्षें काढलेल्या मावशीनें बाटलींतलें उरलेलें पाणी तुळशीला घातलें.

अकोल्याच्या त्या गल्लींत गाडी शिरेना. तोंडाशींच उभी करून सामान हातांवर न्यावें लागलें. ज्या वस्तु सेमाडोहाच्या अंगणांत नुसत्या गरीब दिसत होत्या त्या विजेच्या खांबाखालीं ओशाळवाण्या दिसूं लागल्या. वरच्या सज्जांतून शेजारी पाहात होते, आणि हें स्वाभाविकच होतें; नव्या माणसाची ओळख करून घेण्याची एवढी सोयीची संधि पुन्हां येत नाहीं. माझ्या मावसभावानें तक्रारीचा एक शब्द काढला नाहीं. उलट, गुंड आणि कोठ्या त्यानें स्वतः खांद्यावर नेल्या, आणि लहानपणचा पितळी डबा सांपडतांच तो उघडून त्यांत नाक खुपसून उभा राहिला. सुनेनें देवघराची जागा आधींच मोकळी करून ठेवली होती. कपाट कसेंबसें वळणावरून गेलें. पलंग गेला नाहीं. उभा केला, आडवा केला, पाय वर, पाय खालीं. जिन्याच्या त्या वळणाशीं त्याची कांहीं केल्या सोयरीक जमेना. हमाल म्हणाले, कापावा लागेल. मुलगा आईकडे पाहूं लागला.

मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. बराच वेळ तिनें कांहीं म्हटलें नाहीं. पलंगाच्या उशाकडील फळीवरून तिनें एकदां हात फिरविला. तेथें यजमानांनीं सुताराकडून कोरून घेतलेली एक साधी वेल होती. मग ती उठून गल्लीच्या तोंडाशीं गेली. चालक गाडीच्या पायरीवर बसून क्लीनरकडून हिशेब समजून घेत होता. सुनेनें पाठविलेली पोळीभाजीची ताटली शेजारीं तशीच होती.

“उस्ताद,” मावशी म्हणाली, “पुन्हा धारणीला कधी?”

“मंगळवारी. डीएपी हाय.”

“पोत्यांवर एक पलंग बसेल?”

त्यानें मान वर करून पलंगाकडे पाहिलें, हातानें हवेंतच माप घेतलें, आणि म्हणाला, “उलटा टाकला तं बसते. पन पावती लागन, बाई.”

मावशीनें पिशवींतला कापडी बस्ता काढला. पावती त्याच्या हातीं देऊन तिनें जातें नेलेल्या शेजारणीचें नांव आणि तिच्या पोरीच्या लग्नाची तारीख त्याला सांगितली. तीं त्याच्या मोबाइलमध्यें लिहून द्यावयास मला सांगितलें. आणि पलंग केवळ चार माणसांनींच उचलावा, दोघांनीं ओढूं नये, असें त्याला दोनदां बजावून ती जिना चढावयास वळली.